आहार आणि बालबुद्धी

दूध म्हणजे बालकाचे अमृत. परंतु फिनाइलकीटोन्यूरिया या आनुवंशिक विकारात तेच मेंदूस घातक ठरते. प्रथिनांतील फिनाइलअ‍ॅलनिन हा घटक यकृतात पचत नाही, रक्तात साचतो आणि बुद्धीची वाढ खुंटते. बर्मिंगहॅमच्या डॉ. बिकेल यांनी १९५३ साली एका दोन वर्षांच्या मुलीचा वृत्तांत प्रसिद्ध केला. ती उभी राहत नसे, रडे, डोके आपटी. हा घटक अत्यल्प असलेल्या आहारावर ती रांगू लागली, उभी राहिली. मग आईच्या नकळत तोच घटक अन्नात पुन्हा मिसळण्यात आला, आणि महिनोन्‌महिने कमावलेले बहुतेक सारे तिने काही दिवसांत गमावले! पुरावा निर्विवाद, पण निर्दयच. झालेली हानी सहसा भरून येत नाही. म्हणूनच अनेक देशांत नवजात अर्भकाच्या टाचेतील रक्त तपासतात. पथ्य मात्र आजन्म.