खेळणारे वाढले, तरी भाव पडला

आवक वाढली की भाव पडतो, हे धुळ्याच्या बाजारात कापूस घेऊन गेलेल्याला शिकवावं लागत नाही. 'खेळा आणि कमवा' छापाचा ब्लॉकचेन गेम आला की मात्र तीच माणसं म्हणतात, खेळाडू वाढले की टोकन महागणार!

'ॲक्सी इन्फिनिटी'चंच बघा. व्हिएतनामच्या स्काय मेव्हिस कंपनीचा हा गेम. 2021 मध्ये आधी 'ॲक्सी' नावाचे तीन प्राणी विकत घ्यावे लागत, मग लढती जिंकून 'एसएलपी' टोकन मिळे. एसएलपीच्या संख्येला कमाल मर्यादा नव्हती. खेळ वाढेल तशी टोकनं वाढणार. ती खपायची मुख्यतः नवे ॲक्सी पैदा करायला, आणि ते ॲक्सी घेणार नवा खेळाडू. कापसाला निदान जिनिंगवाला तरी असतो. जुलै 2021 मध्ये एसएलपी 30 सेंटच्या वर होतं. ऑक्टोबरात रोज खेळणारे 20 लाखांच्या घरात गेले, तेव्हा भाव 10 सेंटच्याही खाली आला होता.

दोष खेळाडूंना द्यायचा का? मला तसं वाटत नाही. फिलिपिन्समध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत रोजगार गेलेले कितीतरी जण दुसऱ्याचे ॲक्सी वाट्याने घेऊन खेळत होते. हाती आलेलं टोकन विकूनच त्यांचा किराणा भरायचा. गेम मात्र जणू सगळे टोकन पुन्हा खेळातच घालतील अशा हिशेबावर उभा होता.

'हॅकर्सनी गेम बुडवला' असंही ऐकू येतं. गेमची टोकनं दुसऱ्या ब्लॉकचेनवर ने-आण करणाऱ्या रोनिन ब्रिजवरून 60 कोटी डॉलरहून अधिक रक्कम गेली ती मार्च 2022 मध्ये. एसएलपी त्याआधीच, फेब्रुवारीत, सेंटभरावर आलं होतं.

ब्लॉकचेनवर असल्याने नियम कुणाला बदलता येत नाहीत, हाही भ्रमच. त्याच फेब्रुवारीत कंपनीने 'ॲडव्हेंचर' प्रकारातून आणि रोजच्या कामगिरीतून मिळणारं एसएलपी बंद केलं. टोकनची नोंद ब्लॉकचेनवर असते, पण ते किती वाटायचं हे कंपनीच ठरवते.

कराचं मात्र कुणी विचारत नाही. एप्रिल 2022 पासून भारतात अशा टोकनच्या विक्रीतल्या नफ्यावर 30 टक्के कर आहे. एका टोकनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, आणि पुढच्या वर्षावरही ओढता येत नाही.