खुर्चीतले झेन

‘मांडी घालता येत नाही, मन ठरत नाही, आता या वयात ध्यान कसले?’ असे म्हणून आपण हा विषय कदाचित बाजूला ठेवला असेल. त्यातून ‘झेन’ म्हटले की जपानी मठ आणि मुंडन केलेले भिक्षू डोळ्यांसमोर येतात. वास्तविक हा शब्द आपल्याच घरचा. संस्कृत ‘ध्यान’ पालीत ‘झान’ झाले, चीनमध्ये ‘चान’ आणि जपानमध्ये ‘झेन’. लोणावळा लोकलने मळवलीला उतरून पाहता येणारी भाजे लेणी दोन हजार वर्षांहून जुनी आहेत. ध्यानाची ही बौद्ध परंपरा पुण्याच्या इतकी जवळची आहे.

यासाठी दीक्षा घ्यावी लागत नाही, की घरची पूजाअर्चा सोडावी लागत नाही. झेनचे शिक्षण घेतलेले जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात रुग्णांसाठी अभ्यासवर्ग सुरू केला, तो धार्मिक विधी वगळूनच.

बैठक साधी आहे. न हलणारी खुर्ची घ्यावी आणि दोन्ही तळपाय जमिनीवर टेकवावेत. टेकत नसतील तर खाली पाट ठेवावा. पाठीला बाक असेल तर मागे उशी घेण्यात कमीपणा नाही. उजव्या तळव्यावर डावा तळवा ठेवून अंगठ्यांची टोके अलगद जुळवावीत. डोळे अर्धवट उघडे, नजर समोर खाली. डुलकी येऊ लागली की अंगठे सुटतात, ही या मुद्रेतली मोठी सोय! मग श्वास मोजावेत, एक ते दहा. मधेच गॅसचे बिल आठवेल, परदेशातला मुलगा आठवेल. ते आठवल्याचे ध्यानात आले की पुन्हा एकपासून सुरुवात करावी. मन रिकामे करावयाचे नाही. ते भटकले हे कळणे आणि परत येणे, एवढाच हा अभ्यास. पाच मिनिटे पुष्कळ झाली. दमा असलेल्यांना श्वासाकडे पाहून घुसमट वाटत असेल, तर त्यांनी तळपायांच्या स्पर्शाकडे लक्ष द्यावे.

जपानी आचार्य दोगेन यांनी १२३७ साली मठाच्या स्वयंपाक्यासाठी सूचना लिहिल्या. तांदूळ निवडणे-धुणे हे त्यांच्या लेखी साधनेइतकेच मोलाचे होते. आपल्या घरी भाजी निवडताना दूरदर्शनसंच बंद ठेवला, तरी प्रारंभ झाला.

रुग्णाची सेवा करणाऱ्यांची परीक्षा मात्र याहून कठीण. स्मृतिभ्रंश झालेल्या सासूबाई ‘आज वार कोणता?’ हे सकाळपासून अकराव्यांदा विचारतात. आपला जबडा आवळतो, खांदे वर चढतात, आणि शब्द ओठांवर येतो. त्या क्षणी खांदे चढल्याचे जाणवले, एक श्वास पूर्ण बाहेर सोडला, तर बाराव्या वेळी ‘गुरुवार’ हा शब्द गुरुवार म्हणूनच उच्चारता येतो. राग नाहीसा होत नाही. तो हातात उतरण्याआधी दिसतो. ओली चादर बदलताना, कूस वळवतानाही हेच. परंतु एक स्पष्ट सांगावयास हवे. रात्र-रात्र जागणाऱ्या लेकीला वा सुनेला ‘ध्यान कर, शांत राहा’ असे सांगून बाकीच्यांनी मोकळे होऊ नये. तिला झोप हवी आणि आठवड्यातून एक दुपार कोणीतरी तिच्या जागी बसावयास हवे. ध्यान हे मदतीला पर्याय नव्हे.

बैठकीच्या मधे सावकाश चालण्याचीही झेनमध्ये रीत आहे. सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान जपानच्या ओकायामा शहरातील कोराकुएन बागेच्या धर्तीवर रचलेले आहे. पुष्कळांना ती झेन बाग वाटते. मुळात ती सरदाराची फेरफटक्याची बाग, पण आपले काम भागते. टाच, तळवा, बोटे असे प्रत्येक पाऊल जाणवू द्यावे. उतारावर व पुलावर कोणाचा तरी हात धरावा. हीच सवय रात्री उपयोगी पडते. बिछान्यातून एकदम उठल्यास रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते. म्हणून कडेला बसून तळपाय जमिनीवर टेकवावेत, चार-पाच श्वास मोजावेत आणि मगच उभे राहावे.

औषधे नेहमीप्रमाणे चालू ठेवावीत. डोळे मिटून बसल्यावर जुने दुःख उसळून येत असेल, भीती वाटत असेल, तर बैठक तेथेच थांबवावी आणि डॉक्टरांशी बोलावे. स्वारगेटला विपश्यनेचे केंद्र आहे, दापोडीच्या महाविहारात आनापानसती शिकवली जाते. दहा दिवसांच्या निवासी शिबिराला मात्र गुडघे, मधुमेह आणि औषधांच्या वेळा यांचा विचार करूनच नाव द्यावे. तोवर सकाळचा चहा झाल्यावर, वर्तमानपत्र उघडण्यापूर्वी, खिडकीजवळची खुर्ची आहेच.