सॉफ्टवेअर-निर्मित रेडिओ व हौशी वारंवारता-पट्टे : पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील महाविद्यालयांच्या दृष्टीने एक विवेचन

प्रास्ताविक

हौशी रेडिओ केंद्र उभारू इच्छिणाऱ्या महाविद्यालयास पूर्वी प्रत्येक वारंवारता-पट्ट्यासाठी वेगळे यंत्र घ्यावे लागे. भारतात हौशी सेवेस उपलब्ध असलेल्या १४४-१४६, ४३४-४३८ व १२६०-१३०० मेगाहर्ट्झ एवढ्याच पट्ट्यांचा विचार केला तरी तीन संच होत. सॉफ्टवेअर-निर्मित रेडिओमुळे ही अडचण संपली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हे मत अर्धेच खरे आहे. पिंपरी, भोसरी, चाकण यांसारख्या औद्योगिक परिसरात उरलेल्या अर्ध्या भागाकडे दुर्लक्ष केल्यास प्रयोगशाळेचा निधी वाया जाण्याचा संभव आहे, हे प्रस्तुत लेखात दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

कार्यपद्धती

पारंपरिक रिसीव्हरमध्ये गाळणी, विमोडन इत्यादी कामे स्वतंत्र मंडले करीत. सॉफ्टवेअर-निर्मित रेडिओत आलेल्या संकेताचे अंकीय नमुने घेतले जातात व पुढील सर्व संस्करण संगणक करतो. जोसेफ मिटोला यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी ही संकल्पना नावारूपास आणली. ग्नू रेडिओ ही मुक्त प्रणाली २००१ मध्ये सुरू झाली. २०१२ मध्ये दूरचित्रवाणीसाठी बनविलेला स्वस्त यूएसबी डोंगल सर्वसाधारण रिसीव्हर म्हणून वापरता येतो असे लक्षात आले आणि हे तंत्र विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आले. हॅकआरएफ वन हे यंत्र १ मेगाहर्ट्झपासून ६ गिगाहर्ट्झपर्यंत चालते. तेव्हा पट्टा बदलणे म्हणजे पडद्यावरील एक आकडा बदलणे, असे वाटणे स्वाभाविक आहे.

जे सॉफ्टवेअरमध्ये मावत नाही

येथे गोंगाटाचा विचार आवश्यक ठरतो. मोटारींचा वेग नियंत्रित करणारे ड्राइव्ह, वेल्डिंग यंत्रे, स्विचिंग पद्धतीचे वीजपुरवठे व एलईडी दिवे यांतून विद्युतचुंबकीय गोंगाट निर्माण होतो. वारंवारता वाढते तसा तो झपाट्याने घटतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीतील शहरी परिसराचे सूत्र वापरल्यास १४५ मेगाहर्ट्झवर हा गोंगाट औष्णिक गोंगाटापेक्षा सुमारे १७ डेसिबल, म्हणजे पन्नास पट, अधिक येतो. तेथे अल्पगोंगाटी परिवर्धक बसवून फारसे काही साधत नाही. उलट नको असलेले संकेतही वाढतात. १२९६ मेगाहर्ट्झवर परिस्थिती नेमकी उलटी असते. बाह्य गोंगाट अत्यल्प असल्याने रिसीव्हरचा स्वतःचा गोंगाट व केबलमधील ऱ्हास निर्णायक ठरतात. साध्या आरजी-५८ केबलच्या २० मीटर लांबीतून या वारंवारतेवर शक्तीचा दहावा भागही खाली पोचत नाही. म्हणून परिवर्धक अँटेनापाशी, गच्चीवरच असावा लागतो. यंत्र एकच, संगणकही तोच; परंतु दोन पट्ट्यांच्या गरजा परस्परविरोधी आहेत.

दुसरा प्रश्न प्रबळ संकेतांचा. हॅकआरएफमधील परिवर्तक ८ बिटांचा, म्हणजे २५६ पायऱ्यांचा आहे. त्यामुळे प्रबळ व क्षीण संकेत एकाच वेळी हाताळण्याची कमाल मर्यादा ढोबळमानाने ४८ डेसिबल राहते. सॉफ्टवेअरमधील अरुंद गाळणीने त्यात बरीच सुधारणा होते, हे मान्य केले पाहिजे. परंतु जवळच्या एफएम केंद्राने किंवा मोबाइल मनोऱ्याने प्रारंभीचा परिवर्धकच संतृप्त केला, तर गमावलेली माहिती कोणतीही आज्ञावली परत आणू शकत नाही. प्रत्येक पट्ट्याची पट्टीगाळणी म्हणूनच अनिवार्य समजावी.

खोडदचा दाखला

या संदर्भात चाकणपासून सरळ रेषेत सुमारे ४० किलोमीटरवर असलेल्या खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीचे (जीएमआरटी) उदाहरण उद्बोधक आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. तेथेही २०१० च्या सुमारास संकेतांचा सहसंबंध काढण्याचे काम बाजारात मिळणाऱ्या संगणकांवरील सॉफ्टवेअरकडे सोपविण्यात आले. पुढे दुर्बिणीची उन्नती होऊन साधारण १२० ते १४५० मेगाहर्ट्झपर्यंतचा बहुतांश विस्तार उपलब्ध झाला. तरीही तो चार पट्ट्यांत विभागलेला असून प्रत्येक पट्ट्याचा ग्राहक-भाग, परिवर्धक व गाळण्या वेगळ्या आहेत. राष्ट्रीय पातळीवरील संस्थेलाही जे टाळता आले नाही, ते महाविद्यालयाने टाळू पाहणे युक्त नव्हे.

सूक्ष्मतरंग पट्टा

सूक्ष्मतरंगांचा अनुभव घेण्यास क्यूओ-१०० हा हौशी प्रेषक वाहणारा, २०१८ मध्ये सोडलेला एस्हेल-२ उपग्रह सोयीचा आहे. तो २६ अंश पूर्व रेखांशावर स्थिर असून पिंपरी-चिंचवडहून पश्चिमेस, किंचित दक्षिणेकडे, क्षितिजापासून सुमारे ३२ अंशांवर येतो. त्याचे १०४८९.५ मेगाहर्ट्झपासूनचे संकेत डिश अँटेनावरील साध्या एलएनबीतून ७३९.५ मेगाहर्ट्झवर उतरतात व नेहमीच्या डोंगलने ऐकता येतात. मात्र वारंवारतेतील दशलक्षांश एका भागाची चूक १४५ मेगाहर्ट्झवर १४५ हर्ट्झ असते. १० गिगाहर्ट्झवर तीच १० किलोहर्ट्झ होते. ध्वनिसंदेशाचा मार्ग जेमतेम २.७ किलोहर्ट्झ रुंद असल्याने संकेत हातचा निसटतो. स्थिर संदर्भ-आंदोलक ही येथे चैनीची वस्तू नाही.

प्रक्षेपणाविषयी

यंत्र ६ गिगाहर्ट्झपर्यंत प्रक्षेपण करू शकते, म्हणून तसा अधिकार मिळत नाही. त्यासाठी दूरसंचार विभागाचा हौशी परवाना हवा व वरचे पट्टे वापरण्यापूर्वी राष्ट्रीय वारंवारता-वाटप आराखडा पाहावा. शिवाय अशा यंत्रांतून बाहेर पडणारा संकेत शुद्ध नसतो. १४५ मेगाहर्ट्झचा तिसरा गुणज ४३५ मेगाहर्ट्झवर, म्हणजे थेट दुसऱ्या हौशी पट्ट्यात, पडतो. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी घडविलेला व २२ जून २०१६ रोजी प्रक्षेपित झालेला ‘स्वयम्’ उपग्रह अशाच यूएचएफ हौशी पट्ट्यासाठी रचलेला होता. लघु-उपग्रहांचे क्षीण संकेत ऐकणाऱ्या शेजारच्या केंद्रास आपल्या गच्चीवरून उपद्रव होऊ नये, याकरिता प्रक्षेपकापुढे निम्नपार गाळणी बसविल्यावाचून अँटेना जोडू नये.