शास्त्र एक, माणसें अनेक

लोखंड तापविलें म्हणजे तें प्रसरण पावतें. हा नियम पुण्यास एक व पॅरिसास दुसरा असा कधीं नसतो. म्हणूनच पुष्कळ विद्यार्थ्यांची, व त्यांहूनही त्यांच्या पालकांची, अशी समजूत असते कीं, ज्यास शास्त्रज्ञ किंवा इंजिनियर व्हावयाचें आहे त्यानें गणित व पदार्थविज्ञान पक्कें केलें म्हणजे पुरे. परक्या भाषा व परक्यांच्या रीतीभाती यांत वेळ कशास दवडावा? ही समजूत अर्धी खरी आहे, आणि म्हणूनच ती अधिक घातक आहे. सृष्टीचे नियम सर्वत्र एक असले तरी ते राबविणारीं माणसें सर्वत्र एकसारखीं नसतात. कोणी वरिष्ठास प्रश्न विचारणें हा उद्धटपणा मानतो, तर कोणी न विचारणें हा निष्काळजीपणा मानतो. या भेदाचें अज्ञान किती महाग पडतें, तें एका उदाहरणानें स्पष्ट करूं.

इ. स. १९७७ च्या मार्च महिन्याच्या २७ तारखेस, स्पेनच्या कॅनरी बेटांपैकीं टेनेरीफ या बेटावरील विमानतळावर दाट धुकें पसरलें होतें. एकाच धावपट्टीवर दोन प्रचंड बोइंग ७४७ विमानें होतीं. एक हॉलंडचें, दुसरें अमेरिकेचें. डच विमान पट्टीच्या टोकाशीं सिद्ध होतें. अमेरिकन विमान अद्याप पट्टीवरूनच चाललें होतें. डच मुख्य वैमानिकानें उड्डाणाची परवानगी मिळालेली नसतांनाच विमान सोडलें, व त्याच्या सहकाऱ्यानें बिनतारी यंत्रावरून इंग्रजींत कळविलें कीं, "आम्ही आतां उड्डाणावर आहों." त्याचा अर्थ होता, "आम्ही निघालों." स्पॅनिश नियंत्रकानें त्याचा अर्थ घेतला, "आम्ही निघण्यास तयार होऊन उभे आहों," आणि तो "ठीक" म्हणाला. "थांबा, मी कळवीन," हें त्याचें पुढील वाक्य त्याच क्षणीं अमेरिकन विमानांतून आलेल्या संदेशामुळें कर्कश आवाजांत बुडालें. कांहीं क्षणांतच दोन्ही विमानें एकमेकांवर आदळलीं, व ५८३ माणसें प्राणांस मुकलीं.

येथें यंत्र बिघडलें नव्हतें. डच मनुष्य व स्पॅनिश मनुष्य, दोघेही मातृभाषा सोडून तिसऱ्याच भाषेंत बोलत होते. आणि तें संदिग्ध वाक्य डच भाषेच्या वळणानें आलें असावें, असें कित्येक अभ्यासकांचें मत आहे. परंतु दुसरी गोष्ट याहून विचार करण्यासारखी आहे. डच विमानांतील यंत्रज्ञास शंका आली होती. अमेरिकन विमान पट्टीवरून बाजूस झालें नाहीं काय, असें त्यानें विचारलेंही होतें. मुख्य वैमानिक हा त्या कंपनीचा नामांकित शिक्षक होता. त्यानें ठासून "झालें" असें उत्तर दिलें, आणि यंत्रज्ञानें तो प्रश्न पुन्हा काढला नाहीं. शब्दाचा घोटाळा आणि वडिलकीचा संकोच, असे दोन्ही दोष एकत्र आले.

यावरून विमानविद्येनें जो धडा घेतला तो सर्वच धंद्यांस लागू आहे. "टेक-ऑफ" हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देतांना किंवा ती रद्द करतांनाच वापरावा, असें ठरलें. दिलेली आज्ञा ऐकणारानें उलट म्हणून दाखविण्याच्या रीतीवर अधिक भर देण्यांत आला. १९७९ नंतरच्या काळांत कनिष्ठानें शंका स्पष्ट बोलावी व वरिष्ठानें ती ऐकावी, याचें रीतसर शिक्षण वैमानिकांस मिळूं लागलें. पुढें २००८ सालापासून आंतरराष्ट्रीय विमानवाहतुकींतील वैमानिक व नियंत्रक यांस भाषेची ठराविक परीक्षा उतरणें आवश्यक झालें. म्हणजे बोलणें व ऐकणें हेंही यंत्रज्ञानाचेंच एक अंग होय, हें मान्य झालें.

असा भेद दोन देशांतच असतो असेंही नाहीं. १९९९ सालीं मंगळाकडे पाठविलेलें एक अमेरिकन यान नष्ट झालें. एका गटानें धक्क्याचें माप पौंडांच्या पद्धतीनें दिलें व दुसऱ्यानें तें न्यूटनच्या पद्धतीचें समजून गणित केलें; दोहोंत जवळजवळ साडेचार पटींचें अंतर पडतें. तेव्हां आपल्या मुलांनीं हें लहानपणींच ध्यानांत ठेवावें कीं, जर्मनींत दशांशचिन्हाच्या जागीं स्वल्पविराम लिहितात, म्हणून तेथें १,५०० म्हणजे दीड. अमेरिकेंत तारखेपूर्वीं महिना लिहितात. आणि आपले लाख व कोटी परक्यास उमगत नाहींत.

आपल्या देशासही हा अनुभव नवा नाहीं. पोलादाचे कारखाने उभारतांना भिलाईस रशियन, रुरकेल्यास जर्मन व दुर्गापुरास ब्रिटिश तज्ज्ञांची मदत घेण्यांत आली. १९५८ सालीं मुंबईंत निघालेल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलजीमध्यें रशियन तज्ज्ञ आले व तेथील अध्यापक शिक्षणासाठीं रशियास गेले. १९८३ सालीं गुरगांवास मारुती मोटारी तयार होऊं लागल्या, तेव्हां जपानी रीतीप्रमाणें अधिकारी व कामगार एकाच प्रकारचा पोशाख करून एकाच पंक्तीस जेवूं लागले. यंत्रें जहाजांतून आणतां येतात. परंतु तीं चालविण्याची रीत माणसांकडूनच शिकावी लागते.

हें शिक्षण योजनापूर्वक देतां येतें काय? होय. अमेरिकेंतील ऱ्होड आयलंड विद्यापीठानें १९८७ सालीं असा अभ्यासक्रम सुरू केला कीं, विद्यार्थ्यानें पांच वर्षांत इंजिनियरिंग व जर्मन भाषा या दोहोंची पदवी घ्यावी, व त्यांतील एक वर्ष जर्मनींत काढावें. कांहीं महिने विद्यापीठांत व कांहीं महिने कारखान्यांत. पुढें फ्रेंच, स्पॅनिश व चिनी याही भाषांची तशीच सोय झाली.

आमच्या विद्यार्थ्यांस आजच परदेशीं जातां येणार नाहीं. तथापि या विद्येचा आरंभ वर्गांतच होऊं शकतो. शेजारीं बसणारा मुलगा घरीं कानडी, गुजराथी किंवा उर्दू बोलत असेल, तर त्याची भाषा थोडी तरी शिकावी. प्रयोगशाळेंत सांगितलेली कृति स्वतःच्या शब्दांत उलट सांगून मग हात लावावा. समजलें नसेल तर "समजलें नाहीं" असें उभें राहून म्हणावें. आपल्याकडे शिक्षक बोलत असतांना मान डोलविणें ही सभ्यता आहे; परंतु परका मनुष्य तिचा अर्थ होकार असाच घेईल, आणि त्या होकारावर पूल बांधावयास निघेल.

पालकांस एवढीच विनंति आहे. भाषेच्या तासास जाणारा मुलगा शास्त्राचा वेळ वायां घालवितो, असें मानूं नये. आणि घरीं त्यानें नम्रपणें शंका काढली तर "मोठ्यांस उलट बोलूं नये" असें म्हणून ती दडपूं नये. आदर व मौन या दोन निराळ्या गोष्टी आहेत. टेनेरीफच्या यंत्रज्ञाची शंका खरी होती. ती दुसऱ्यानें बोलून दाखविण्याची संवय मात्र त्यास कोणी लाविली नव्हती.