तिसरा भात

अक्कलकोटला वटवृक्ष मंदिरातली दुपारची नैवेद्य-आरती आटोपली की गर्दी अन्नछत्राकडे वळते. श्री स्वामी समर्थ अन्नछत्र मंडळाचं हे काम जन्मेजयराजे भोसले यांनी 1988 च्या गुरुपौर्णिमेला सुरू केलं. येईल त्याला दुपारी आणि रात्री पोटभर जेवण, तेही फुकट. रांगेत पुण्या-मुंबईहून गाड्या करून आलेली कुटुंबं असतात, आळंद-अफझलपूरकडची कानडी बोलणारी माणसं असतात. आणि त्यांच्यातच मिसळलेले असतात ज्यांना आज दुसरीकडे कुठे जेवण मिळणार नाही असे काहीजण. मला खरं तर तेच बघायचे होते, पण रांगेत ते काही ओळखू येईनात.

मग मी वाढप्यांकडे बघत बसलो.

वाढपी वाकून, भरभर पुढे सरकत वाढतो. त्याची नजर ताटावर असते, चेहऱ्यावर क्वचितच जाते. भाजी, आमटी, भात असा एकेक जण मागोमाग येतो. कुणी 'बस्स, बस्स' म्हणतं, कुणी 'साकु, साकु' म्हणत ताटावर हात आडवा धरतं. प्रसादासाठी आलेला माणूस दुसऱ्या भाताला थांबतो. तिसऱ्या भाताच्या वेळी पंगतीत मोजकेच हात चालू असतात. समोरच्या पंगतीत एक म्हातारे गृहस्थ होते, धोतर स्वच्छ, टोपी नीट. दोनदा भात झाला तरी मान खालीच. वाढप्याने 'आणखी हवा का?' असं विचारलं नाही. तो परत फिरला, भात घातला, वर आमटी ओतली आणि पुढे गेला. शेजारी बसलेल्या बाईंच्या ते लक्षातही आलं नसेल. पंगतीत कोण कशासाठी आलंय हे वाढप्याला कळतं, पण तो ते तोंडातून काढत नाही. या कामातलं खरं कसब हेच, असं मला वाटतं.

स्वयंपाकघरातली परीक्षा वेगळी. किती माणसं येणार हे आधी कुणालाच ठाऊक नसतं. गुरुवार, पौर्णिमा आणि सुट्टीचे दिवस भरगच्च. गुरुपौर्णिमा, प्रकटदिन, पुण्यतिथी यांचं तर बोलायलाच नको. अशा मोठ्या रांधपात आमटी वाढवता येते, भात वाढवता येत नाही. म्हणून भात एकदम न शिजवता खेपेखेपेने लावायचा, आधण कायम उकळतं ठेवायचं आणि रांग बघून पुढची खेप टाकायची. रांगेकडे डोळा ठेवणारा माणूस इथे आचाऱ्याइतकाच महत्त्वाचा.

देणाऱ्याला इथे पावती मिळते, त्याचं नाव-गाव लिहून घेतलं जातं. जेवणाऱ्याला मात्र नाव, गाव, जात, उत्पन्न, काहीही विचारत नाहीत. ही साधी गोष्ट नाही. स्वामी समर्थांनी एप्रिल 1878 मध्ये अक्कलकोटला देह ठेवला, त्याच्या आधीची दोन वर्षं सोलापूर भागाने भीषण दुष्काळात काढली होती. सरकारी दुष्काळी कामं निघाली, पण तिथे उपाशी असल्याचा पुरावा द्यावा लागे. गावापासून लांबच्या कामावर जा, खडी फोडा, तरच मजुरी. ब्रिटिश अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी 1877 मध्ये ती मजुरीही दिवसाला पौंडभर धान्याच्या हिशेबावर आणली. लोकांनी काम सोडलं आणि पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली. याच सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात भुकेल्यांसाठी बादशाही कोठारं उघडली तेव्हा असले दाखले मागितले नव्हते, असं आपली परंपरा मानते. लोकांनी लक्षात कुणाला ठेवलं, हे सांगायला नको.

पुरावा आजही लागतो. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनांत निराधार म्हाताऱ्यांना महिना 1500 रुपये मिळतात, पण त्यासाठी वर्षाचं उत्पन्न 21 हजारांच्या आत असल्याचा तहसीलचा दाखला हवा, वयाचा हवा, रहिवासाचा हवा, पुढे हयातीचाही हवा. पैसा जनतेचा आहे, सरकारने विचारलंच पाहिजे, हे मला मान्य आहे. पण ज्याला घर नाही, मोबाइल नाही, सही येत नाही, त्याच्या दृष्टीने ते दीड हजार कागदावरच राहतात. तो दोन वेळा पंगतीत जेवतो आणि मधल्या वेळात मंदिराच्या आवाराबाहेर सावली शोधतो. औषधाला पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न ताटात सुटत नाही. अन्नछत्राने तो सोडवावा अशी अपेक्षाही चुकीची. त्यांनी जे हाती घेतलं ते इतकी वर्षं चोख चालवलं आहे.

उरलेलं काम गावातल्या आणि बाहेरून येणाऱ्या भक्तांचं आहे. अक्कलकोट-सोलापुरात निवृत्त शिक्षक, तलाठी, बँकेतले कर्मचारी भरपूर आहेत आणि त्यातले पुष्कळजण दर गुरुवारी दर्शनाला येतात. त्यांनी आठवड्यातली एक दुपार द्यावी. अन्नछत्रातून बाहेर पडणाऱ्या एखाद्या निराधार म्हाताऱ्याशेजारी बसावं, त्याचा अर्ज भरावा, त्याला तहसील कचेरीत सोबत न्यावं. यासाठी देणगी लागत नाही, एक पेन आणि थोडी चिकाटी असली तरी पुरे.