काळीला सातबारा आहे, पांढरीचे काय?

उस्मानपुऱ्यात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला गाव कोणते म्हणून विचारून पाहा. तो खोलीचा पत्ता सांगत नाही. कन्नड, सिल्लोड, पैठण, वैजापूर, नाहीतर पलीकडच्या जालना-बीडकडच्या एखाद्या लहानशा गावाचे नाव घेतो. "गावाकडं घर हाये का?" "हाये की! माळवदाचं, आजाच्या हातचं." इथपर्यंत गडी खुशीत असतो. पण "घर कुणाच्या नावावर हाये?" असे विचारले की तो गप्प होतो.

वाचकहो, तुम्हीही असेच गप्प होणार असाल तर आजचे हे चार शब्द तुमच्यासाठीच आहेत.

आपली जुनी माणसे गावाचे दोन भाग करतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन. पांढरी म्हणजे वस्तीची जागा, जिथे पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या भिंती उभ्या राहिल्या, पडल्या आणि त्याच मातीत पुन्हा उभ्या राहिल्या. काळीचा हिशेब प्रत्येक सरकारने ठेवला, कारण सारा तिथूनच यायचा. निजामाच्या राजवटीत दप्तर उर्दूत होते. 17 सप्टेंबर 1948 नंतर राज्य बदलले, पण काळीचा हिशेब काही सुटला नाही. 1954-55 चे खासरा पत्रक तर मराठवाड्यातल्या जमिनीच्या भांडणात आजही शोधले जाते. पुढे सातबारा आला आणि आता तो मोबाईलवरही निघतो.

पांढरीवर शेतसारा नव्हता, म्हणून तिची मोजणीही नव्हती. शहरांत आणि मोठ्या गावांत सिटी सर्व्हे झाला, लहान गावे बहुतेक तशीच राहिली. मग गावातल्या घराला कागद कोणता? तर ग्रामपंचायतीचा नमुना नंबर आठ. पण हा नमुना म्हणजे घरपट्टी वसूल करण्याची यादी आहे. पट्टी कोणाकडून घ्यायची एवढेच ती सांगते. त्यावर नाव असले म्हणजे मालकी सिद्ध झाली असे होत नाही. ही गोष्ट अनेकांना कोर्टाची पायरी चढल्यावरच कळते.

कागदाची किंमत

कागद नसला तर काय होते, हे मराठवाड्याने एकदा पाहिले आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली दगड-मातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. पुढे 52 गावे नव्या जागी वसवली गेली. तिथे कोणाला केवढे घर मिळाले? तीन आकाराची घरे होती. त्यांतले कोणते आपल्या वाट्याला येणार हे पडलेल्या वाड्यावरून ठरले नाही, तर कुटुंबाकडे जमीन किती यावरून ठरले. म्हणजे पांढरीतले घर गेले आणि त्याचा निवाडा काळीच्या कागदाने केला!

आता आपल्याच घराचे पाहू. समजा, तुमचे वडील तीन भाऊ. एक गावात शेती सांभाळून राहिला, एक वाळूजला कारखान्यात लागला आणि तुमचे वडील उस्मानपुऱ्यात आले. आजा वारला, त्याला वीस वर्षे झाली. नमुना आठवर अजून त्याचेच नाव, नाहीतर गावात राहणाऱ्या चुलत्याचे. एका पावसाळ्यात तुमच्या बाजूचे माळवद खचले. शेजाऱ्याने गोठा बांधताना भिंत हातभर पुढे घेतली. तुम्ही दिवाळीला गेलात, पाहिले आणि "जाऊ द्या, घरचीच माणसं" म्हणून परत आलात. कोणी लबाडी केली असेही नाही. पण असेच आणखी दहा वर्षे गेले, तर तुमचे घर फक्त आठवणीत उरेल.

आभाळातून मोजणी

आता मात्र पांढरीचीही मोजणी होते आहे. ड्रोन उडवून गावठाण मोजण्याचा प्रयोग आपल्या राज्यात पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात सोनोरी या गावी झाला. 24 एप्रिल 2020 रोजी केंद्राने स्वामित्व योजना जाहीर केली आणि हे काम देशभर गेले. 18 जानेवारी 2025 रोजी एकाच दिवशी देशात 65 लाख मिळकत पत्रिका वाटल्या गेल्या.

काम कसे चालते तेही समजून घ्या. आधी ग्रामसभेत माहिती दिली जाते. मग ज्याने त्याने आपल्या जागेची हद्द दाखवायची, तिथे चुन्याची रेघ मारली जाते. ड्रोन वरून फोटो घेतो आणि त्यावरून नकाशा तयार होतो. पुढे भूमी अभिलेख खात्याचा चौकशी अधिकारी नोटिसा काढून जागा कोणाची याची चौकशी करतो. त्यानंतर फी भरून सनद आणि मिळकत पत्रिका, म्हणजे आपले प्रॉपर्टी कार्ड.

यात मेख कुठे आहे? ड्रोनला भिंत दिसते, भिंतीमागचा वाटा दिसत नाही. चुना टाकायच्या दिवशी जो हजर, तो हद्द दाखवणार. चौकशीच्या दिवशी जो बोलेल, त्याचे ऐकले जाणार. शहरात गेलेल्याचे नाव कोणी मुद्दाम वगळत नाही, पण तो तिथे नसतो एवढे पुरते.

गाडी आणि गैरहजेरी

तुम्ही म्हणाल, रजा कोण देतो? आणि जायचे कसे? खरे आहे. लहान गावाला आजही कुठे एक मुक्कामी गाडी, कुठे शाळेच्या पोरांसाठी एक फेरी, आणि सुट्टी लागली की तीही बंद. बाकी फाट्यापर्यंत काळी-पिवळी आणि पुढे पायी, नाहीतर कोणाच्या मोटारसायकलवर. ऑक्टोबर 2021 पासून एसटीचा संप लांबला, तेव्हा कित्येक घरांचे गावाकडचे जाणे-येणेच तुटले होते.

तरी आता थोडी सोय झाली आहे. 2022 पासून 75 वर्षांवरील ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत आहे आणि 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धे तिकीट. तेव्हा घरातला कमावता माणूस जाऊ शकत नसेल तर आईला पाठवा, बहिणीला पाठवा. जुन्या हद्दी आईलाच जास्त ठाऊक असतात.

बहिणीचे नाव निघाले म्हणून सांगतो. हिंदू कुटुंबात वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. महाराष्ट्राने तसा कायदा 1994 मध्ये केला, देशभर तो 2005 मध्ये आला. मुसलमान कुटुंबांत त्यांच्या कायद्याने मुलीचा वाटा ठरलेलाच आहे. तेव्हा "बहिणी काय मागत नाहीत" म्हणून त्यांची नावे गाळू नका. बहिणीला हक्क सोडायचाच असेल तर तो तोंडी सुटत नाही, नोंदणी केलेले हक्कसोडपत्र लागते.

मग करायचे काय? पुढच्या खेपेला गावी जाल तेव्हा ग्रामसेवकाकडून, ज्याला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, नमुना आठचा उतारा काढा. कोणाचे नाव आहे ते पाहा. माणूस वारला असेल तर मृत्यूचा दाखला जोडून वारस लावा. मोजणी झाली की व्हायची आहे ते विचारा. झाली असेल तर तालुक्याला भूमी अभिलेखच्या कार्यालयात नकाशा पाहा आणि चूक दिसली तर लेखी हरकत द्या. जुन्या घरपट्टीच्या पावत्या जपून ठेवा. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवशी किंवा त्यांच्या आसपास ग्रामसभा होतात. त्यांतली एखादी तरी गाठा.

आणि हे सगळे भावाशी भांडून करू नका. आधी ओट्यावर बसा, चहा घ्या, वाटे बोलून घ्या, मग सगळे मिळून कार्यालयात जा. मोठी माणसे आहेत तोवर हे काम एका दिवसाचे आहे. ती गेल्यावर तेच काम कोर्टात वीस वर्षे चालते.

"आपलंच घर हाये, त्याला कागद काहून लागतो?" असे आजवर आपण म्हणत आलो. घर आपलेच आहे, यात शंका नाही. पण तुम्ही राहता उस्मानपुऱ्यात. तुमच्या माघारी ते घर कोणाचे, हे सांगायला कागदच लागतो.