तिसरी तारच का चढते?

गायकाची पट्टी बदलली की स्केल-चेंजर हार्मोनियमवर पट्ट्यांची अख्खी रांग बाजूला सरकवतात आणि बोटे नेहमीच्या सवयीने फिरत राहतात. गिटारवर हे काम कॅपो करतो. सहाही तारा एकाच फ्रेटवर दाबून धरणाऱ्या या चिमट्याच्या एका प्रकाराचे पेटंट जेम्स ॲशबॉर्न या अमेरिकी गिटार-कारागिराने १८५० साली घेतले. मूळ कल्पना त्याहूनही जुनी आहे. मात्र हार्मोनियमच्या रीडना पट्टी बदलताना कोणी हात लावत नाही, तर कॅपो जी तार वाजायची तिलाच दाबतो. दाबली की ती ताणली जाते आणि ताणली की सूर चढतो. अकूस्टिक गिटारवर हे फारसे जाणवत नाही. इलेक्ट्रिक गिटारवर तोच कॅपो लावला की कॉर्ड बेसूर होते आणि दोष कॅपोच्या कंपनीवर जातो. माझ्या मते हा दोष बहुतेक वेळा कंपनीचा नसून गरजेपेक्षा जास्त दिलेल्या दाबाचा असतो, आणि त्याचा सर्वात ठळक पुरावा तिसऱ्या, म्हणजे जी तारेत सापडतो.

हिशोब करून पाहू. फेंडर पद्धतीच्या गिटारवर नट ते ब्रिज हे अंतर ६४८ मिलिमीटर असते. एवढी तार अवघी ०.०५ मिलिमीटर जास्त ताणली गेली, तर पहिली तार सुमारे ९ सेंट चढते, पण जी तार सुमारे २६ सेंट. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. पाच-सहा सेंटचा फरक तयार कानाला कळतो. लांबी आणि पोलाद तेच असताना साधी, म्हणजे वर गुंडाळी नसलेली तार किती संवेदनशील आहे, हे ती किती खालच्या स्वराला लावली आहे यावरून ठरते. ते प्रमाण कंपनसंख्येच्या व्यस्त वर्गाचे असते. पहिली तार सेकंदाला सुमारे ३३० वेळा कंप पावते, जी तार १९६ वेळा. म्हणून जी जवळजवळ पावणेतीन पट हळवी. अकूस्टिक गिटारवर जी तारेला सहसा बारीक तारेची गुंडाळी असते. गुंडाळीमुळे वजन वाढते, पण ताण मात्र आतली बारीक तारच पेलते, त्यामुळे सूर कमी चढतो. इलेक्ट्रिकच्या नेहमीच्या संचात मात्र जी तार साधी आणि जाड असते, आणि साध्या तारांपैकी सर्वात खालच्या स्वराला लावलेली तीच. त्यात ई-आकाराच्या कॉर्डमध्ये याच तारेवर मोठा गंधार येतो. आपल्या समान अंतराच्या स्वरसप्तकात तो आधीच शुद्ध गंधारापेक्षा १४ सेंट वर असतो. त्यात डिस्टॉर्शन चालू केले की स्वरांच्या बेरजा-वजाबाक्यांतून नवे स्वर निर्माण होतात आणि ही चूक लपत नाही.

दाबाचे गणितही असेच कठोर आहे. तार फ्रेटबोर्डला टेकेपर्यंत तिची जादा लांबी दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दाब निम्मा केला तर ताणलेली लांबी एक चतुर्थांश होते. दोन फ्रेटच्या मधोमध दाबण्याऐवजी त्याच दाबाने फ्रेटला लागून, साधारण पाच मिलिमीटर मागे, दाबले तरी ती निम्म्यावर येते. शिवाय तेथे खरखर थांबवायला दाबही कमी लागतो. म्हणून घट्ट स्प्रिंगचा, दाब ठरलेलाच असलेला कॅपो बारीक तारांच्या गिटारला सोसत नाही; स्क्रूने दाब कमी-जास्त करता येणारा बरा. दुसरी गोष्ट फ्रेटबोर्डच्या वक्रतेची. जुन्या धाटणीच्या फेंडरवर वक्रतेची त्रिज्या सव्वासात इंच, अनेक गिब्सनवर बारा इंच. सपाट पट्टीचा कॅपो सव्वासात इंची बोर्डवर लावला की मधल्या तारांवर आधी भार येतो, कडेच्या तारा खरखरतात, वाजवणारा आणखी आवळतो, आणि मधल्यांत नेमकी जी तार असते.

यावर एक आक्षेप असा की बोटही तार दाबतेच, मग कॅपोचाच दोष का? बोट ऐकत ऐकत दाब बदलते, कॅपो तसे करत नाही. पण आक्षेपात तथ्यही आहे. कॅपो लावल्यावर मोकळी तारही फ्रेटवरूनच वाजते, त्यामुळे दाब नेमका असेल तर मोकळे आणि दाबलेले स्वर एकमेकांशी अधिक जुळायला हवेत. नटच्या खाचा उंच राहिलेल्या गिटारवर ते जुळतातही. दुसरा आक्षेप अल्बर्ट कॉलिन्सच्या नावाने घेता येईल. हा ब्लूज वादक टेलिकास्टर या इलेक्ट्रिक गिटारवर कॅपो थेट पाचव्या-सातव्या फ्रेटवर चढवून आयुष्यभर वाजवत राहिला. पण टेलिकास्टरचा ब्रिज पक्का असतो, वाढलेल्या ताणाने हलत नाही, आणि ब्लूजमध्ये तार खेचून स्वर वर नेणे हाच अलंकार आहे. स्वच्छ आवाजात सहा तारांच्या कॉर्ड झंकारणाऱ्याला ही सवलत मिळत नाही. जाड तारा लावा, हा सल्लाही अर्धाच खरा आहे. लांबी तेवढीच वाढली तर साधी तार जाड असो वा बारीक, सूर सारखाच चढतो. पण जाड तारेत ताण जास्त असल्याने त्याच दाबाला ती कमी वाकते. नऊच्या संचाऐवजी दहाचा (हे आकडे पहिल्या तारेच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागांत) लावला तर पहिल्या तारेवरची चूक दोन-तृतीयांशावर येते.

‘कॅपो लावून मग ट्यून करा’ हा सल्ला बरोबर आहे, पण तो शेवटी पाळायचा. कॅपोच्या रबराखाली घट्ट अडकलेल्या तारेपर्यंत खुंटीचा फेर सरळ पोचत नाही. तार थोडा वेळ हलत नाही आणि मग एकदम सरकते. म्हणून आधी कॅपो फ्रेटला समांतर, तारा बाजूला न ओढता लावावा, खरखर थांबेल इतकाच आवळावा, जी तार ट्यूनरवर तपासावी आणि मगच खुंट्यांना हात लावावा. कॅपो काढल्यावर गिटार बिघडलेली आढळली, तर संशय नटच्या खाचांवर घ्यावा. तिथे ओढली गेलेली तार घर्षणामुळे परतत नाही, आणि पेन्सिलीचे थोडे ग्रॅफाइट खाचेत घातल्यास बराच फरक पडतो. तरंगता ट्रेमोलो, म्हणजे स्प्रिंगांवर तोललेला हलता ब्रिज, असलेल्या गिटारवर मात्र सहा तारांचा वाढलेला ताण ब्रिजलाच हलवतो. तिथे कॅपोचा हट्ट धरू नये. पक्क्या ब्रिजची गिटार घ्यावी.